मध्येच आलेली हरकत आणि जबानीत राहून गेलेलं वाक्य

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या ठिकाणचं दिवाणी न्यायालय, कनिष्ठ स्तर. दावा २०२१चा, वाटप आणि मनाई हुकुमाचा. वादी बहीण, प्रतिवादी दोन भाऊ. आई आधीच वारलेली, वडील २००९ मध्ये गेले. वडिलोपार्जित जमिनीत बहिणीने १/३ हिस्सा मागितला होता. (गाव, गट नंबर आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

भावांची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, एकाच गोष्टीवर उभी होती: १९९८ साली वडिलांनी दोघा भावांत तोंडी वाटणी करून दिली आणि बहिणीने चार माणसांसमक्ष हक्क सोडला. कागद कुठलाच नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम ६ मध्ये २००५च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची मुलासारखीच हिस्सेदार, केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या वाटण्यांना मात्र या कलमाने धक्का लागत नाही; पण वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या ११ ऑगस्ट २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तोंडी वाटणीची सबब सरसकट मानायची नाही, अपवाद म्हणून मानायचीच तर तिला सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार हवा, असं स्पष्ट केलं. त्यामुळे थोरल्या भावाचा उलटतपास हाच या दाव्याचा कणा होता. १९९८ला वाटणी झाली असेल, तर २००९ मध्ये वारस नोंदीत बहिणीचं नाव कसं आलं, एवढं त्याच्या तोंडून यायला हवं होतं.

वादीच्या वकिलांची सनद तीन वर्षांची. वकीलपत्रावर त्यांचं आणि त्यांच्या सीनियरचं, दोघांचीही नावं. समोरचे वकील पंचवीस वर्षं त्याच कोर्टात काम करणारे, बारमध्ये वजन असलेले. माणूस वाईट नव्हे. ज्युनियरांना स्वतःचं पुस्तक देणारा, पण कोर्टात समोर ज्युनियर आणि त्यातून मुलगी असली की तिचंही काम आपणच चालवायचं, अशी सवय लागलेला.

पहिल्या तारखेला काय घडलं

पुकारा जेवणाच्या सुट्टीच्या तासभर आधी झाला. वादीच्या वकील उभ्या राहताच समोरून पहिलं वाक्य आलं: "मोठे वकील नाहीत का? मुदत घ्या, आमची हरकत नाही." हे ऐकायला सौजन्याचं वाटतं आणि पुष्कळ ज्युनियर तिथेच मुदत अर्ज देऊन मोकळे होतात. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ प्रमाणे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले, हे मुदतीचं कारण होत नाही. आणि साक्षीदार हजर असताना उलटतपास टाळला तर "उलटतपास नाही" असा हुकूम व्हायची टांगती तलवार राहते. त्यांनी मुदत घेतली नाही. दुसरा शेरा गाऊनवर होता. त्यालाही आधार नव्हता: बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत गाऊन उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाखेरीज ऐच्छिक आहे, खालच्या कोर्टात उन्हाळ्यात काळ्या कोटाचीही सक्ती नाही. यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, हेही योग्यच.

गाडी रुळावरून घसरली ती वारस नोंदीच्या प्रश्नावर. प्रश्न असा होता: "वडिलांच्या मृत्यूनंतर वारस नोंद झाली, त्यात वादीचं नाव आलं आणि तुम्ही त्याला हरकत घेतली नाही, हे खरं आहे का?" समोरचे वकील बसूनच बोलले: "साहेब, एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. आणि साक्षीदार अडाणी माणूस आहे, त्याला कागदातलं काय कळणार? बाळा, जरा सोपं विचार."

या बोलण्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हरकत रास्त होती. प्रश्न खरोखरच जोडप्रश्न होता. "बाळा" हा शिष्टाचाराचा भंग. आणि मधलं वाक्य हरकतीच्या वेषातलं उत्तर होतं, साक्षीदाराला ऐकू जाईल असं दिलेलं. तापलेल्या डोक्याने तिन्ही एकच वाटतात आणि राग येतो तो "बाळा"चा. अशिलाचं नुकसान मात्र मधल्या वाक्याने होतं.

वकीलबाई समोरच्या वकिलांकडे वळल्या: "सर, कृपा करून मध्ये बोलू नका. मला साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४८खाली विचारायचा अधिकार आहे." समोरचे हसले, "मॅडम, दावा २०२१चा आहे." त्यांचं बरोबर होतं. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला, पण त्याच्याच कलम १७० प्रमाणे त्या दिवशी प्रलंबित असलेल्या कामांना १८७२चा जुना पुरावा कायदा लागतो. आधीच्या लेखी निवेदनावरून साक्षीदाराला पेचात पकडायचं कलम इथे जुनं १४५ होतं. नव्या कायद्यातलं १४८ म्हणजे तेच, पण या दाव्याला न लागणारं. न्यायाधीश म्हणाले, "दोघांनी आपसात बोलू नका." चूक एकाची आणि कानउघाडणी दोघांची, हा समोरच्या वकिलाशी थेट बोलण्याचा ठरलेला परिणाम आहे.

या गडबडीत साक्षीदाराने उत्तर दिलं आणि न्यायाधीशांनी स्टेनोला सांगितलं: "मी अडाणी आहे. मला कागदातलं कळत नाही. वारस नोंदीबाबत मला माहिती नाही."

जबानी सहसा अशीच सलग कथनाच्या रूपात उतरते. प्रश्न गळतो, हरकत गळते, हरकत कुणी घेतली तेही गळतं. चार दिवसांनी नक्कल हातात आली तेव्हा पान ४ वर ती तीन वाक्यं जणू साक्षीदाराच्या मनातूनच आल्यासारखी उभी होती. आता अपील कोर्टात कुणालाही कळणार नव्हतं की "अडाणी" हा शब्द आधी वकिलांच्या तोंडून आला होता.

विचारात घेतलेले पर्याय

उलटतपास अर्धा राहिला होता, पुढची तारीख बारा दिवसांवर. सीनियर, ज्युनियर आणि अशील असे तिघे बसले.

अशिलाच्या चुलतभावाने सुचवलं, साहेबांना चेंबरमध्ये भेटून कानावर घाला. हा पर्याय बोलण्याआधीच बाद. प्रलंबित कामाबद्दल न्यायाधीशांशी खासगीत बोलायला बार कौन्सिलच्या वर्तन-नियमांत स्पष्ट मनाई आहे, आणि तक्रार खरी असली म्हणून ती मनाई सैल होत नाही.

राज्य बार कौन्सिलकडे ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५खाली तक्रार करता आली असती. तो मार्ग उघडा होता आणि पुढेही राहणार होता. पण त्याने जबानी दुरुस्त होत नाही, चौकशीला वेळ लागतो, आणि एका "बाळा"वर गैरवर्तणूक सिद्ध होणं कठीण. शेरे लैंगिक स्वरूपाचे असते, धमकी असती किंवा हे वारंवार घडलं असतं, तर हिशेब वेगळा मांडावा लागला असता. तेव्हा तारीख, वेळ, शब्द आणि हजर असलेल्यांची नावं त्याच संध्याकाळी लिहून ठेवणं ही पहिली पायरी. ती टिपणं इथेही केली गेली, वापरायची वेळ आली नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४खाली दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करून घेण्याचा विषय निघाला आणि लगेच मिटला. समोरच्या वकिलाचं वागणं हे त्याचं कारण होऊ शकत नाही. उलट न्यायाधीशांवर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती उरलेला उलटतपास सीनियरनी घ्यावा का, यावर. अशील म्हणाली, "ताई, तुमच्यावर भरवसा आहे, पण मोठे साहेब उभे राहिले तर ते गप्प बसतील." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. इथे अशिलाचं हित आणि ज्युनियरचा आत्मसन्मान एकमेकांविरुद्ध उभे राहिलेत असं वाटतं. आमच्या मते निकष एकच लावायला हवा: उरलेल्या मुद्द्यांची फाइल कुणाला तोंडपाठ आहे? महसूल रेकॉर्ड काढण्यापासून सगळं काम ज्युनियरने केलं होतं. सीनियरला बारा दिवसांत तेवढी पकड आली नसती. शिवाय साक्षीदार एकाच्या प्रश्नांना सरावल्यावर मध्येच माणूस बदलला तर समोरच्याला कळतं की दाब लागू पडला. ठरलं असं की उभं ज्युनियरनेच राहायचं. सीनियर मागच्या बाकावर बसतील, उठणार नाहीत आणि चिठ्ठीही पाठवणार नाहीत. अशिलाला हे समजावून तिची संमती घेतली. ती घेतली नसती तर हा निर्णय चुकीचा ठरला असता.

उरला तो संहितेतलाच मार्ग. आदेश १८ नियम १० प्रमाणे एखादा विशिष्ट प्रश्न आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं उतरवून घेता येतं. नियम ११ म्हणतो की हरकत घेतलेला प्रश्न कोर्टाने विचारू दिला, तर प्रश्न, उत्तर, हरकत, हरकत घेणाऱ्याचं नाव आणि कोर्टाचा निर्णय, हे सगळं न्यायाधीशांनी नोंदवायचं. हा नियम कित्येक कोर्टांत विसरल्यासारखा पडून असतो. आणि मध्येमध्ये बोलण्याची सवय मोडायला याच्याइतकं सभ्य हत्यार दुसरं नाही, कारण आपलं प्रत्येक वाक्य नावानिशी कागदावर जाणार म्हटलं की माणूस आपसूक तोलून बोलतो.

प्रत्यक्ष केलेली कार्यवाही

अर्ज एका पानाचा, तीन परिच्छेदांचा. त्यात अपमान, स्त्री, ज्युनियर यांतला एकही शब्द नव्हता. पहिल्या मसुद्यात "विद्वान वकिलांनी हेतुपुरस्सर" असे शब्द होते. ते सीनियरनी खोडले. हेतू सिद्ध करायची जबाबदारी अंगावर कशाला घ्या? मागण्या तीन: उलटतपासातले महत्त्वाचे प्रश्न प्रश्नोत्तर स्वरूपात नोंदवावेत, हरकती नियम ११ प्रमाणे नोंदवाव्यात, आणि हरकतीच्या युक्तिवादातून उत्तर सुचण्याची शक्यता असेल तेव्हा साक्षीदाराला तेवढा वेळ बाहेर थांबवावं.

आदल्या संध्याकाळी वादीच्या वकिलांनी समोरच्या वकिलांना फोन केला. त्यांच्या वागण्याशी संबंधित अर्ज त्यांना भर कोर्टात पहिल्यांदा दिसू नये, एवढाच हेतू.

"सर, उद्या एक अर्ज देतेय. प्रत तुम्हाला साडेदहाला बार रूममध्ये देईन."

"अगं, मी मुलीसारखं समजून बोललो. एवढं मनावर घ्यायचं?"

"तुमच्या मनात वाईट नव्हतं, हे मी धरूनच चालते, सर. पण ते उत्तर तुमच्या वाक्यानंतर आलं आणि जबानीत तसं दिसत नाही. अशिलासाठी मला अर्ज द्यावाच लागेल."

फोन दोन मिनिटांत संपला. "बाळा"चा विषय त्यांनी काढला नाही, आणि समोरून अर्धवट निघाला तरी त्यावर वाद घातला नाही.

मधल्या दिवसांत दुसरं एक काम झालं, आणि खरं पाहता निकाल फिरला तो त्याच्यावर. फेरफाराची, म्हणजे वारसांची नावं लावणाऱ्या महसुली नोंदीची, नक्कल आधीच दाव्यात होती. आता तलाठ्याकडे दिलेल्या ज्या वर्दीवरून तो फेरफार पडला, त्या वर्दी अर्जाची प्रमाणित नक्कल महसूल रेकॉर्डमधून काढली. वर्दी थोरल्या भावाने दिलेली, खाली त्याची सही, आणि वारसांच्या यादीत बहिणीचं नाव तिसरं. शिवाय हा "अडाणी" साक्षीदार गावच्या विकास सोसायटीचा संचालक होता, हे अशिलाने बोलता बोलता सांगितलं. तिला ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं.

दुसरी तारीख

समोरच्यांनी अर्जावर से (लेखी म्हणणं) दिला: अर्ज खोडसाळ, कोर्टाचा वेळ घेणारा, नामंजूर व्हावा. न्यायाधीशांनी पहिल्या दोन मागण्या मंजूर केल्या. तिसरी प्रसंग येईल तेव्हा पाहू, असा हुकूम झाला.

जोडप्रश्न आता सुटा केलेला होता. एका प्रश्नात एकच वस्तुस्थिती, आणि प्रत्येकाचं उत्तर "होय" किंवा "नाही" असंच येईल अशी बांधणी:

वडील २००९ मध्ये वारले? त्यानंतर जमिनीला वारसांची नावं लागली? नावं लावायला तलाठ्याकडे वर्दी तुम्ही दिलीत? (इथे वर्दी दाखवली.) ही सही तुमची?

सहीच्या प्रश्नाला समोरचे वकील उभे राहिले. या वेळी बसून बोलले नाहीत. हरकत अशी की कागद नवा आहे, आधी दाखल नाही. वादीच्या वकिलांनी वाक्य अर्धंच सोडलं, नजर न्यायाधीशांवर ठेवली, हरकत पूर्ण होऊ दिली आणि मग म्हणाल्या: "साहेब, हरकत नोंदवून घ्यावी. माझं उत्तर एका निकालात आहे." आदेश १३ नियम १(३) प्रमाणे समोरच्याच्या साक्षीदाराच्या उलटतपासासाठी आणलेला कागद आधी दाखल करावा लागत नाही. साक्षीदार स्वतः पक्षकार असेल तर ही सवलत मिळते का, यावर बराच काळ दुमत होतं. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या मोहम्मद अब्दुल वाहिद विरुद्ध निलोफर या प्रकरणात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पक्षकार-साक्षीदार आणि इतर साक्षीदार असा भेद नाकारला. निकालाच्या दोन प्रती तयार होत्या, एक कोर्टाला आणि एक समोरच्या वकिलांना, परिच्छेदावर पेन्सिलने खूण करून. समोरच्याला प्रत न देता निकाल वाचायला घेणं हा ज्युनियरांकडून हमखास होणारा प्रमाद. तो इथे टळला. हरकत नावानिशी नोंदली गेली, प्रश्नाला परवानगी मिळाली.

साक्षीदार म्हणाला, सही माझीच आहे, पण कागदात काय होतं ते माहीत नाही. मग सोसायटीचे प्रश्न आले: संचालक होता का? पाच वर्षं? सभेच्या इतिवृत्तावर सही करायचात? वाचून करायचात? शेवटच्या प्रश्नाला थोडा वेळ लागला आणि उत्तर आलं, "होय, वाचून करायचो."

इथे त्या थांबल्या. "मग वाटणी झाली होती तर बहिणीचं नाव का दिलंत?" हा प्रश्न जिभेवर येतोच. तो विचारला असता तर साक्षीदाराला खुलासा करायची आयती संधी मिळाली असती. "का" युक्तिवादासाठी राखून ठेवायचा. मात्र आपली बाजू साक्षीदारापुढे मांडणं चुकवायचं नसतं, म्हणून शेवटी ती सूचना म्हणून विचारली, साक्षीदाराने नाकारली आणि नेहमीचं वाक्य उतरलं: "हे म्हणणे खरे नाही की, १९९८ साली वाटणी झालीच नव्हती."

साक्षीदाराने सही करण्याआधी त्यांनी स्क्रीनवर जबानी वाचली. एका ठिकाणी "आठवत नाही"चं "माहीत नाही" झालं होतं. तिथल्या तिथे निदर्शनास आणलं, दुरुस्त झालं.

निष्पत्ती

वर्दीला निशाणी पडली, म्हणजे ती पुराव्यात घेतली गेली. प्राथमिक (हिस्से ठरवणारा) हुकूमनामा वादीच्या बाजूने झाला, १/३ हिस्स्याचा. तोंडी वाटणीची सबब नाकारताना न्यायाधीशांनी प्रश्नोत्तरांतला सही आणि "वाचून करायचो" हा भाग शब्दशः उचलला. शिष्टाचाराविषयी निकालात अवाक्षर नाही, असायचं कारणही नव्हतं.

समोरचे वकील त्यानंतर कोर्टात "मॅडम" म्हणतात, उभं राहून बोलतात. बार रूममध्ये अजूनही कधी "बाळा" निघतं. वकीलबाईंनी ते सोडून दिलंय. ते तसंच सोडावं का, यावर आमच्यातही एकमत नाही. कोर्टाबाहेरचं संबोधन ज्याचं त्याने ठरवावं, असं एक मत. बार रूममधली सवयच कोर्टात शिरते, असं दुसरं.

वेगळं काय करता आलं असतं

अर्जाची गरज मुळात पहिल्या तारखेच्या ढिलाईतून निर्माण झाली. "साहेब, हरकत नोंदवून घ्यावी, प्रश्नोत्तर स्वरूपात घ्यावं," हे एक वाक्य तेव्हाच तोंडी म्हणता आलं असतं. त्याला लेखी अर्ज लागत नाही. तोंडी विनंती नाकारली गेली तर मग अर्ज.

जोडप्रश्न नसता तर मध्ये बोलायला निमित्तच मिळालं नसतं. रास्त हरकत आली की "प्रश्न सुटा करते" म्हणून लगेच मान्य करावी. त्याने न्यायाधीशांपुढे वजन वाढतं आणि पुढची गैर हरकत उठून दिसते. इथे रास्त आणि गैर एकाच झटक्यात नाकारल्या गेल्या.

कलमाचा आकडा घरी ताडून घ्यायला हवा होता. २०२४ नंतर दाव्याच्या फाइलवरच "जुना कायदा" किंवा "नवा कायदा" असं लिहून ठेवणं सोपं. आकड्याची खात्री नसेल तर तो न उच्चारता "आधीच्या लेखी निवेदनावरून विचारते आहे" एवढं म्हटलं तरी काम भागतं.

न्यायाधीशांच्या बाजूनेही एक गोष्ट राहिली. बसून बोलणाऱ्या वकिलाला उभं राहायला सांगणं आणि साक्षीदाराला उत्तर सुचवणारं वाक्य आलं की नोंद थांबवणं, हे अर्जाशिवायही व्हायला हवं होतं. पण त्यावर ज्युनियरचा ताबा नसतो.

ताबा होता तो स्क्रीनवर. पहिल्या दिवशी जबानी न वाचताच साक्षीदाराची सही झाली. त्याच दिवशी, न्यायाधीश खुर्चीवर असताना, "अडाणी हा शब्द हरकतीतून आला, तशी नोंद व्हावी," असं सांगता आलं असतं. चार दिवसांनी नक्कल मिळाल्यावर उशीर झाला होता. भावांचं अपील आता जिल्हा न्यायालयात प्रलंबित आहे, आणि अपिलाच्या मेमोतला तिसरा मुद्दा पान ४ वरच्या त्याच वाक्यावर उभा आहे: "मला कागदातलं कळत नाही."